सी प्रोग्राममध्ये कमांड लाइनचे ऑप्शन्स नीट कसे वाचावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॉग फाइल चाळणारा एक छोटा सी प्रोग्राम आहे. आपण त्याला ‘चाळणी’ म्हणू. -व्ही दिलं की जास्त माहिती छापायची, -एन नंतर आकडा आला की तेवढ्याच ओळी दाखवायच्या, -ओ नंतर आउटपुट फाइलचं नाव, आणि बाकी जे उरेल त्या वाचायच्या फाइल्स. प्रश्नकर्त्याने आर्गव्हीवर, म्हणजे कमांड लाइनवरच्या शब्दांच्या यादीवर, फॉर लूप फिरवून प्रत्येक शब्द स्ट्रकम्पने ताडून पाहिला आहे, शब्दाचा आकडा करायला एटॉय वापरलं आहे. तीन ऑप्शन्स होते तोवर ठीक चाललं. आता सात झालेत, आणि -एन सगळ्यात शेवटी लिहिलं की सेगमेंटेशन फॉल्ट येतो. हे नीट कसं लिहितात?

घाईत असाल तर उत्तर एवढंच: लूप काढून टाका, ऑप्शन्स वाचणारं तयार फंक्शन गेटऑप्ट वापरा, एटॉयच्या जागी चूक कळवू शकणारं स्ट्रटोल घाला. पण एवढं करून थांबलात तर चुका कमी होणार नाहीत, फक्त जागा बदलतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा क्रॅश. सी स्टँडर्डने एक हमी दिलेली आहे: आर्गव्ही[आर्गसी] हा नल पॉइंटर, म्हणजे कशाकडेच बोट न दाखवणारा पॉइंटर, असतो (आर्गसी म्हणजे शब्दांची संख्या). -एन शेवटचा शब्द असेल तर तुमचा लूप पुढचा शब्द म्हणून नेमका तो नल उचलतो आणि एटॉयच्या हातात देतो. क्रॅश झाला हे खरं तर नशीब. तुमचा कोड एकाऐवजी दोन घरं पुढे वाचत असता, तर लिनक्सवर तिथे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सचे पॉइंटर सुरू होतात, आणि प्रोग्राम न पडता गुपचूप भलतंच काहीतरी वाचत बसला असता.

ही भीती काल्पनिक नाही. लिनक्सवर दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणारा पीकेएक्झेक नावाचा प्रोग्राम आहे. त्यातली एक चूक क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केली. ती २००९ पासून, म्हणजे त्या प्रोग्रामच्या पहिल्या आवृत्तीपासून तशीच होती. आर्गव्ही वाचणारा लूप १ पासून सुरू होत होता आणि आर्गसी निदान १ तरी असणारच, असं गृहीत धरलेलं होतं. पण एक्झेक करताना, म्हणजे एका प्रोग्रामने दुसरा सुरू करताना, शब्दांची रिकामी यादी दिली तर आर्गसी शून्य होऊ शकतो. मग आर्गव्ही[०] हाच नल, आणि आर्गव्ही[१] म्हणजे पहिलं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल. प्रोग्राम ते वाचायचा, इतकंच नव्हे तर त्या जागी लिहायचाही. त्यातून साध्या युजरला थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होता येत होतं. लिनक्स कर्नल ५.१८ पासून अशा वेळी एक रिकामी स्ट्रिंग आपोआप घातली जाते, पण आपल्या मेनच्या पहिल्या ओळीत आर्गसी १ पेक्षा कमी आहे का हे तपासायला काही पैसे पडत नाहीत.

आता एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आलेली नसते, ती म्हणजे तुमच्या हातात शब्द पडण्याआधी शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, बरंच काम उरकून मोकळा झालेला असतो. अवतरणचिन्हं काढलेली असतात, डॉलरवाली व्हेरिएबल्स भरलेली असतात, आणि तारा (*) टाकला असेल तर त्या जागी फाइलींची अख्खी यादी आलेली असते. युजरने तारा टाइप केला की चारशे नावं हाताने लिहिली, हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. यादी फारच लांब झाली तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ ही एरर येते. ती एक्झेककडून येते, तुमचा प्रोग्राम तेव्हा सुरूसुद्धा झालेला नसतो. विंडोजवर चित्र वेगळं. तिथे प्रोग्रामला सगळी कमांड लाइन एकाच लांबलचक स्ट्रिंगमध्ये मिळते, तिचे तुकडे सी रनटाइम करतं, आणि तारा आपणहून उलगडला जात नाही.

हाताने लिहिलेल्या लूपचं खरं दुखणं क्रॅश नाही. तो तर एका इफने बरा होईल. युनिक्सवर बसणाऱ्या माणसाच्या बोटांना काही सवयी असतात. तो -व्हीएन५० असं सगळं चिकटवून लिहितो. तो -एन५० लिहितो आणि -एन ५० पण लिहितो. दोन डॅश एकटेच आले की ‘इथून पुढे ऑप्शन नाहीत’ असं त्याला म्हणायचं असतं, आणि एकटा डॅश आला की ‘स्टँडर्ड इनपुटवरून वाच’. या सवयी पोझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डने, १४ मार्गदर्शक नियमांत लिहून ठेवल्या आहेत. त्या सगळ्या स्ट्रकम्पने पाळायला गेलात तर तुम्ही गेटऑप्टच पुन्हा लिहाल, फक्त जरा वाईट. मूळ गेटऑप्ट बेल लॅब्जमधलं; एटी अँड टीने १९८५ साली डॅलसमधल्या युनिफोरम परिषदेत त्याचा सोर्स सगळ्यांसाठी खुला केला. इतक्या वर्षांत त्याचे बहुतेक कोपरे घासून गुळगुळीत झाले आहेत.

वापरायला सोपं आहे. युनिस्टडी हेडर घ्यायचा. गेटऑप्टला आर्गसी, आर्गव्ही आणि एक स्ट्रिंग द्यायची. स्ट्रिंगमध्ये ऑप्शनची अक्षरं ओळीने, आणि ज्याला किंमत लागते त्याच्यापुढे कोलन. म्हणजे चाळणीसाठी व्ही, मग एन आणि कोलन, मग ओ आणि कोलन. दर खेपेला ते एक अक्षर परत देतं, त्यावर स्विच लावायचा. किंमत ऑप्टआर्गमध्ये मिळते. हा पॉइंटर थेट आर्गव्हीतल्या मूळ शब्दाकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याची कॉपी करायची गरज नसते. प्रोग्राम संपेपर्यंत तो शब्द तिथेच असतो. ऑप्शन्स संपले की गेटऑप्ट -१ परत देतं, आणि ऑप्टइंड या व्हेरिएबलमध्ये पहिल्या फाइलचा क्रमांक असतो. तिथून आर्गसीपर्यंत सगळ्या फाइल्स.

त्या -१ वरून एक जुनी जखम आठवली. परत आलेली किंमत इंटमध्ये घ्या, कॅरमध्ये घेऊ नका. मी घेतली होती. डेस्कटॉपवर वर्षभर काही झालं नाही, कारण तिथे साधा कॅर साइन्ड असतो, म्हणजे त्यात ऋण आकडे मावतात. तोच कोड एका एआरएम बोर्डावर चढवला तर प्रोग्राम सुरू होताक्षणी अडकला, प्रोसेसर शंभर टक्के. एआरएम लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड असतो. -१ त्यात गेला की २५५ होतो, तो -१ बरोबर कधीच जुळत नाही, आणि लूप काही संपत नाही. दोन दिवस मी हार्डवेअरला शिव्या देत होतो.

स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच एक कोलन टाकायची सवय लावून घ्या. तो नसेल तर चुकीच्या ऑप्शनलाही प्रश्नचिन्ह परत येतं आणि किंमत विसरली तरी प्रश्नचिन्हच, शिवाय गेटऑप्ट स्वतःचा मेसेज छापून टाकतं. कोलन असेल तर ते गप्प राहतं, किंमत नसल्यास कोलन परत देतं, ऑप्शनच अनोळखी असेल तर प्रश्नचिन्ह, आणि दोन्ही वेळा नेमकं कोणतं अक्षर होतं ते ऑप्टऑप्टमध्ये मिळतं. मग ‘-एन ला आकडा हवा’ असा माणसाला कळणारा मेसेज तुम्ही देऊ शकता. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ज्या ऑप्शनला किंमत लागते तो पुढचा शब्द डोळे मिटून गिळतो. -ओ -व्ही असं लिहिलं तर ‘-व्ही’ नावाची आउटपुट फाइल तयार होईल. गेटऑप्टच्या मते हे बरोबरच आहे, कारण फाइलचं नाव डॅशने सुरू होऊ शकतं.

आता ज्या ठिकाणी अनुभवी लोकही ठेच खातात ते. चाळणी सर्व्हर.लॉग -व्ही, म्हणजे फाइल आधी आणि ऑप्शन नंतर. हे चालायला हवं का? ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं गेटऑप्ट आर्गव्हीतले शब्द पुढेमागे करून फाइलींची नावं शेवटी नेऊन ठेवतं, त्यामुळे ग्लिबसी असलेल्या लिनक्सवर चालतं. पोझिक्सप्रमाणे पहिली फाइल दिसली की ऑप्शन्स संपले, आणि बीएसडी, मॅकओएस तसंच मसल या सी लायब्ररीतलं गेटऑप्ट तसंच वागतं. म्हणजे तुमच्या मशीनवर चालणारी स्क्रिप्ट दुसरीकडे ‘-व्ही नावाची फाइल सापडली नाही’ म्हणून रडेल. ग्लिबसीलाही तसंच वागायला लावायचं असेल तर स्ट्रिंगच्या अगदी सुरुवातीला, कोलनच्याही आधी, अधिकचं चिन्ह टाका. पोझिक्सली करेक्ट हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल सेट केलं तरी तोच परिणाम. तुमचा प्रोग्राम दुसरा प्रोग्राम चालवणार असेल तर हे अधिक चिन्ह हवंच, नाहीतर त्या दुसऱ्याचे ऑप्शन्स तुमचंच गेटऑप्ट खाऊन टाकेल. गिटसारखे उप-आदेश असतील तेव्हाही हाच मार्ग: पहिल्या फेरीत अधिक चिन्हासह सामायिक ऑप्शन्स वाचायचे, उप-आदेशाचं नाव आलं की थांबायचं, आणि उरलेला आर्गव्ही त्या उप-आदेशाच्या फंक्शनकडे सोपवायचा.

याच अदलाबदलीमुळे ताऱ्याचा धोका वाढतो. फोल्डरमध्ये कोणी ‘-आरएफ’ नावाची फाइल करून ठेवली असेल आणि तुम्ही डिलीटच्या कमांडला तारा दिलात, तर ते नाव ऑप्शन म्हणून वाचलं जाईल. वापरणाऱ्याने ताऱ्याआधी डॉट आणि स्लॅश लावावा किंवा दोन डॅश द्यावेत. आपण प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मात्र दोन डॅशचा मान राखलाच पाहिजे. गेटऑप्ट तो आपसूक राखतं.

लांब नावं हवी असतील तर गेटऑप्ट लाँग. ते पोझिक्समध्ये नाही, पण ग्लिबसी, मसल, बीएसडी सगळीकडे सापडतं. ऑप्शन्सचा तक्ता स्ट्रक्चरच्या ॲरेमध्ये द्यायचा: नाव, किंमत लागते का, फ्लॅगचा पॉइंटर, आणि परत द्यायचा आकडा. शेवटची ओळ सगळी शून्य. ती विसरलात तर फंक्शन तक्त्याच्या बाहेर वाचत सुटतं, आणि कंपाइलर चकार शब्द काढत नाही. ज्या लांब नावाला छोटं अक्षर द्यायचं नाही त्याला २५५ च्या वरचा आकडा द्या, म्हणजे कोणत्याही अक्षराशी गल्लत होणार नाही.

यात मला न आवडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, अर्धवट नावं चालतात. तुमच्याकडे फक्त --आउटपुट असेल तर युजरने --आउट लिहिलं तरी भागतं. पुढच्या आवृत्तीत तुम्ही --आउटलाइन आणलंत की त्याची जुनी स्क्रिप्ट ‘संदिग्ध ऑप्शन’ म्हणून मोडते. तुम्ही काहीच काढलेलं नसतं, फक्त भर घातलेली असते. दुसरी, ऐच्छिक किंमत. --रंग हा ऑप्शन किंमतीसह किंवा किंमतीशिवाय चालेल असं ठेवलं, तर किंमत बरोबरच्या चिन्हाने चिकटवूनच द्यावी लागते. --रंग नेहमी असं मोकळं लिहिलं तर ‘नेहमी’ ही फाइल समजली जाते. युजरला हे कधीच आठवत नाही. मी ऐच्छिक किंमत वापरत नाही. त्याऐवजी दोन वेगळे ऑप्शन करतो.

आता आकडे. सगळ्यात जास्त बग मी इथेच पाहिले आहेत. एटॉयला ‘५०’ द्या, ५० मिळतात. ‘पन्नास’ द्या, ० मिळतो. ‘५०केबी’ द्या, ५० मिळतात. इंटमध्ये न मावणारा आकडा द्या, काय होईल ते स्टँडर्डने मोकळं सोडलेलं आहे. चूक झाली हे कळवायची सोयच त्यात नाही. स्ट्रटोल कळवतं, पण तुम्ही विचारलंत तरच. आधी एर्नो, म्हणजे एररचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल, शून्य करा, कारण यशस्वी कॉल ते स्वतःहून शून्य करत नाही. मग वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा शेवटचा पॉइंटर बघा: तो सुरुवातीलाच असेल तर एकही अंक नव्हता, तो स्ट्रिंगच्या टोकाला नसेल तर मागे कचरा उरलाय. मग एर्नोमध्ये ई-रेंज, म्हणजे ‘आकडा मावत नाही’ ही खूण, आलंय का ते. आणि मग तुमची स्वतःची मर्यादा, १ ते दहा लाख किंवा जी असेल ती. ही तपासणी लाँगवरच करा, इंटमध्ये टाकल्यावर नको. ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा आहे आणि इंट ३२ चा, तेव्हा टाकतानाच वरचे बिट गळून पडतात. बेस १० लिहा. ० लिहिलात तर ‘०१०’ ऑक्टल, म्हणजे आठाच्या पायातला, धरला जाऊन ८ होतो, आणि आकड्यांपुढे शून्य लावून रांगेत बसवायची सवय असलेला कोणीतरी भेटतोच.

‘माझा आकडा ऋण नसतो, म्हणून स्ट्रटोउल (स्ट्रटोलचा अनसाइन्ड भाऊ) वापरतो’ असं म्हणणारे बरेच असतात. स्ट्रटोउल ऋण चिन्ह आनंदाने घेतं. -१ दिलात तर ६४ बिट लिनक्सवर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ मिळतात, एर्नोही शांत. तेवढ्या ओळींसाठी मग मेमरी मागितली जाते. ऋण नको असेल तरी स्ट्रटोलनेच वाचा आणि शून्याशी तुलना करा.

अपूर्णांक घेत असाल तर ते वाचणाऱ्या स्ट्रटॉडचा एक खोडकर मुद्दा: ते ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नाही’) हा शब्दही स्वीकारतं. नॅनची शून्याशी किंवा एकाशी लहान-मोठं अशी कोणतीही तुलना खोटी येते. म्हणून ‘शून्यापेक्षा लहान किंवा एकापेक्षा मोठा असेल तर एरर’ ही अट नॅनला अडवत नाही. अट उलटी लिहा: शून्य ते एकच्या आत असेल तरच पुढे, नाहीतर एरर. आणि भाषा-देशाच्या पद्धती लागू करणारं सेटलोकेल बोलावलं असेल तर दशांशचिन्ह लोकेलप्रमाणे बदलतं, हेही ध्यानात असू द्या.

रचनेबद्दल एकच आग्रह. लूपमध्ये फक्त गोळा करा, कृती करू नका. प्रश्नातल्या कोडमध्ये -ओ दिसल्याबरोबर फाइल राइट मोडमध्ये उघडली आहे. समजा युजरने -ओ अहवाल.टेक्स्ट -एन चुकून असं लिहिलं. आकडा चुकीचा म्हणून तुम्ही बाहेर पडाल, पण तोवर जुना अहवाल रिकामा झालेला असेल. सगळे ऑप्शन्स एका स्ट्रक्चरमध्ये भरा, लूप संपल्यावर एकमेकांशी जुळतात का पाहा, आणि मगच फाइलला हात लावा. असं केलं की ऑप्शन्सचा क्रमही निरर्थक होतो, जो तसा असायलाच हवा. हे काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढलंत तर त्याची चाचणीही घेता येते. मात्र गेटऑप्ट आपली अवस्था ग्लोबल व्हेरिएबल्समध्ये ठेवतं: दुसऱ्यांदा चालवण्याआधी ऑप्टइंड १ करावा लागतो, ग्लिबसीवर पूर्ण नव्याने सुरुवात हवी तर ०, बीएसडीवर ऑप्टरीसेटही लागतो. दोन थ्रेड्समधून तर बोलावूच नका.

मदत मागितली असेल तर ती स्टँडर्ड आउटपुटवर छापा आणि ० ने बाहेर पडा. युजर ती पाइपने पेजरकडे पाठवत असतो. चूक असेल तर दोन ओळी स्टँडर्ड एररवर आणि शून्याखेरीज कोड. मी २ देतो, ग्रेपही एररला २ देतं. सिसएक्झिट्स हेडर पाळणारे ६४ देतात. चुकीच्या ऑप्शनला चाळीस ओळींची मदत तोंडावर फेकू नका, खरी चूक त्यात वर सरकून जाते.

पासवर्ड ऑप्शनमधून घेऊ नका. लिनक्सवर प्रत्येक प्रोसेसची कमांड लाइन प्रॉक फाइलसिस्टिममध्ये असते आणि सहसा त्या मशीनवरच्या कोणालाही पीएस या कमांडने दिसते. फाइलमधून किंवा स्टँडर्ड इनपुटवरून घ्या.

आपल्या लिपीचा एक प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो: -अ असा ऑप्शन ठेवता येईल का? ग्लिबसीच्या गेटऑप्टमध्ये नाही. ते एकेक बाइट पाहतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा ‘अ’ तीन बाइट्सचा असतो. गेटऑप्ट लाँगचं लांब नाव मात्र मराठीत चालतं, कारण तिथे बाइट्सची सरळ तुलना होते. असाच आणखी एक छळ म्हणजे वर्ड प्रोसेसरमधून कॉपी केलेली कमांड. तिथे साध्या डॅशचा आपोआप लांब डॅश झालेला असतो, तोही तीन बाइट्सचा. गेटऑप्टला तो ऑप्शन वाटतच नाही आणि ‘फाइल सापडली नाही’ अशी गोंधळात टाकणारी एरर येते. फाइल उघडली नाही की तिचं नाव अवतरणचिन्हांत छापा, निदान डोळ्यांना तरी दिसेल.

व्हिज्युअल सीच्या लायब्ररीत गेटऑप्ट नसतं. तिथे मुक्त परवान्याची एका फाइलची आवृत्ती सोर्समध्येच घ्या. ग्लिबसीपुरतंच काम असेल तर आर्गपी बघा, ते मदतीचा मजकूर तक्त्यावरूनच तयार करतं. आणि ज्या प्रोग्रामला नेमकी दोन फाइलनावं लागतात, ऑप्शन एकही नाही, तिथे आर्गसी ३ आहे का एवढं पाहून मोकळे व्हा.

लिहून झालं की चाळणीला हे देऊन बघा: शेवटी एकटा -एन, -एन आणि रिकामी स्ट्रिंग, -एन ५एक्स, -एन -५, -एन आणि ९ हा अंक सलग वीस वेळा, -व्हीएन५, दोन डॅश आणि मग -व्ही नावाची फाइल, एकटा डॅश, एकही शब्द नाही. शेवटी पाच ओळींचा एक वेगळा प्रोग्राम लिहून त्यातून चाळणीला रिकाम्या आर्गव्हीने एक्झेक करा.